त्या रात्री ताटावर राहिलेली गोष्ट

भिंगार
रविवार, सकाळ

चि. निखिल यास अनेक आशीर्वाद.

गुरुवारपासून तुझा फोन बंद लागतोय. रेंज नसेल, ड्यूटी असेल, वरून तसा हुकूम असेल, हे मला कळतं आणि तुझ्या आईलाही मी तेच सांगतो. तेव्हा फोनबद्दल मी काही लिहिणार नाही. पत्राचं कारण वेगळं आहे. तू निघायच्या आदल्या रात्री मी ताटावरून उठलो. एवढ्या वर्षांच्या संसारात मी भरल्या ताटावरून उठलेलो नाही. भाऊची तार आली त्या दिवशीसुद्धा आईने मला बळेच दोन घास खायला लावले होते. तुझ्या आईने दिवसभर खपून तुझ्यासाठी हुलग्याचे शेंगोळे केले होते, ते तसेच राहिले. पहाटे तू निघालास तेव्हा मी फाटकापाशी उभा होतो. तू पाया पडलास, मी डोक्यावर हात ठेवला, पण दोघांच्याही तोंडून शब्द निघाला नाही. तेव्हापासून मनाला टोचणी आहे.

उमेशने तो व्हिडिओ लावला. सीमेपलीकडचा कुणी पोरगा उताणा पडलेला, त्यावर गाणं जोडलेलं. सगळे हसले. उमेश हसला त्याचं मला काही वाटलं नाही. तो दुकानावर बसून दिवसभर हेच बघतो. पण तू हसलास. मी म्हणालो, मेलेल्या माणसाला हसू नये. तू म्हणालास, "अण्णा, तो आपला नव्हता." मी म्हणालो, कुणाचा तरी होताच ना. मग बोलण्यानं बोलणं वाढत गेलं, मी रागाच्या भरात एकाहत्तरच्या युद्धातल्या अरुण खेत्रपालचं नाव काढलं, आणि तू म्हणालास की त्याच्या जागी तू असतास तर तूही टँकमधून उतरला नसतास. त्यावर मी काय बोललो ते मला आठवतंय. तू काय बोललास तेही आठवतंय. "तुम्ही जन्मभर नट आवळले अण्णा, तुम्हाला त्यातलं काय कळणार."

खरं आहे बाबा. कॅम्पातल्या वर्कशॉपमध्ये छत्तीस वर्षं मी नटच आवळले. ट्रॅकची पिन नीट बसली नाही तर चार मैलांवर ट्रॅक निसटतो आणि आतली माणसं उघड्यावर अडकून पडतात, एवढं मात्र मला कळायचं. त्यामुळे दुसऱ्याने बसवलेली पिनही मी घरी निघण्याआधी हातोडीने वाजवून बघायचो. तुझ्या बोलण्याचा राग नाही. तुझं वय तेवीस, आणि आदल्या रात्री कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं.

अरुण खेत्रपालची लढाई मी तुला काय सांगणार? तीन वर्षं तू खडकवासल्याला त्याच्याच नावाच्या मैदानावर कवायत केलीस. तुमच्या पासिंग आउटला आम्ही पहाटे चारला इथून निघालो होतो. तुझी आई लग्नातला शालू नेसली होती. मोठी आत्या गुडघ्याचं दुखणं विसरून पायऱ्या चढली. तुम्ही संथ पावलं टाकत मैदानाबाहेर गेलात तेव्हा आत्याने माझा हात धरला आणि म्हणाली, "भाऊ असाच चालायचा." मी तुला हे कधी सांगितलं नव्हतं.

तुम्हा पोरांना लढाई पाठ असते. १६ डिसेंबर १९७१, शकरगडचा भाग, बसंतर नदी, जरपाल गाव. आदल्या रात्री आपल्या पायदळाने नदीपलीकडे पाय रोवले होते. इंजिनिअरांचं सुरुंग काढायचं काम अर्ध्यावर होतं, तेवढ्यात समोरून टँक हलल्याची खबर आली, आणि खेत्रपालच्या पूना हॉर्स रेजिमेंटचे टँक राहिलेल्या सुरुंगांची पर्वा न करता पुढे घुसले. सकाळी आठला धुराच्या पडद्याआडून पाकिस्तानच्या १३ लान्सर्स रेजिमेंटचे पॅटन टँक आले. आपल्या बाजूला मोजके टँक उरले. एकाला गोळा लागला, एकाची तोफ बिघडली, राहिला हा एकवीस वर्षांचा पोरगा, आपल्या 'फामागुस्ता' नावाच्या टँकमध्ये बसलेला. दहा टँक पडले, त्यातले चार त्याने पाडले. शेवटचा टँक तर त्याच्यापासून जेमतेम शंभर मीटरवर होता. त्याच्या टँकला गोळा लागून आग लागली, तेव्हा रेडिओवरून हुकूम आला, बाहेर पड. तो म्हणाला, माझी तोफ अजून चालू आहे, मी टँक सोडणार नाही. आणि त्याने रेडिओ बंद केला, असं सांगतात.

निखिल, लोक या गोष्टीत त्याचं उत्तर लक्षात ठेवतात. परमवीर चक्र लक्षात ठेवतात, आणि ठेवावंच. त्याच्यापुढे मी दोन्ही हात जोडतो. पण माझं मन त्या बंद झालेल्या रेडिओशी अडून बसतं. पलीकडे कानाला हेडसेट लावून बसलेला जो कुणी असेल, त्याला काही क्षण नुसती खरखर ऐकू आली असेल. मी ती खरखर ऐकत बसतो. गुरुवारपासून जास्तच.

फोनबद्दल लिहिणार नाही म्हणालो होतो. राहू दे.

ही लढाई झाली ती तुला माहीत असलेली. मला सांगायची होती ती नंतरच्या तीस वर्षांची, आणि ती मी रागात अर्धीच बोललो. आता शांतपणे लिहितो. तू शांतपणे वाच. रात्री वाच, पोरांसमोर नको.

अरुणचा जन्म पुण्याचा, १४ ऑक्टोबर १९५०. वडील एम. एल. खेत्रपाल लष्करातच, इंजिनिअर्समध्ये. म्हणजे सुरुंग लावणं, काढणं, पूल बांधणं, या खात्यातला माणूस. कमिशन मिळालं १३ जून १९७१ ला. युद्ध पेटलं तेव्हा नोकरीला सहा महिने झाले नव्हते, आणि तो होता कुठे? आपल्या नगरात! तू आत्ता केलास तोच यंग ऑफिसर्स कोर्स करत होता. बोलावणं आलं तसा इथून निघाला, मोटारसायकल रेल्वेत चढवली, दिल्लीला घरी उतरला. सामानात गोल्फच्या काठ्या आणि समारंभाचा निळा पोशाख घेतला. का, तर लाहोरला गोल्फ खेळायचं होतं, आणि जिंकल्यावर मेजवानी होईल तेव्हा घालायला कपडे हवेत. एकवीस वर्षांचं वय असंच असतं. तूही त्या दिवशी बॅगेत कॅरमची स्ट्रायकर टाकलीस, मी बघितलं.

मी तेव्हा शाळेतसुद्धा जात नव्हतो. पण मोठं होताना आम्ही भिंगारची पोरं हेच ऐकत वाढलो, की तो याच रस्त्यांवरून गेला होता. लष्कराच्या के. के. रेंजवर फायरिंग सुरू झालं की घराच्या काचा थरथरायच्या, आणि आई म्हणायची, कुणाची तरी पोरं शिकतायत. तू लहान असताना तुझी आजी हेच तुला म्हणायची. तुला आठवत नसेल.

युद्ध १७ डिसेंबरच्या रात्री आठला थांबलं. ढाक्यात शरणागती झाली तीसुद्धा १६ तारखेलाच, संध्याकाळी. म्हणजे सकाळी हा गेला, आणि संध्याकाळी देशभर लोक रस्त्यावर येऊन पेढे वाटत होते. आणखी छत्तीस तास. मी हे गणित कितीतरी वेळा केलंय. छत्तीस तास काढले असते तर तो आज सत्तरी ओलांडलेला म्हातारा असता. दिल्लीत आई-वडिलांना वाटलं, संपलं युद्ध, आता पोरगा येईल. त्याची खोली झाडून ठेवली. मोटारसायकल सर्व्हिसिंग करून आणली. आणि मग तार आली.

तार काय असते ते तुमच्या पिढीला माहीत नाही. पोस्टमन सायकलवरून यायचा. चिठ्ठ्या असल्या की तो घंटी वाजवत यायचा, आणि तसली तार असली की वाजवत नसे. आपल्या फाटकापाशी तो उतरला तेव्हा मी अंगणात होतो. सही मी केली. जाऊ दे. भाऊची ट्रंक माळ्यावर आहे, ती तुझ्याशिवाय कुणी उघडायची नाही, एवढं तुला मागेही सांगितलंय.

आता पुढचं ऐक. वर्ष २००१. अरुणचे वडील ब्रिगेडियर होऊन निवृत्त झालेले, वय ८१. त्यांचं मूळ गाव सरगोधा, म्हणजे आता पाकिस्तानात. फाळणीत सुटलेलं गाव मरायच्या आधी एकदा बघावं, एवढीच म्हाताऱ्याची इच्छा. ते लाहोरला उतरले. तिथे त्यांची सगळी व्यवस्था बघायला एक पाकिस्तानी ब्रिगेडियर पुढे आले, ख्वाजा मोहम्मद नासेर. त्यांनी पाहुण्याला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं, गाव दाखवायची व्यवस्था केली. घरच्या माणसासारखं केलं म्हणतात. इतकं, की पाहुण्यालाच अवघडल्यासारखं व्हावं.

निघायच्या आदल्या रात्री जेवणं झाली. नासेर म्हणाले, तुम्हाला एक सांगायचंय, पुष्कळ वर्षांपासून सांगायचंय. १६ डिसेंबरला १३ लान्सर्समध्ये मेजर होतो मी. आम्ही समोरासमोर आलो. तुमचा मुलगा माझ्या हातून गेला.

निखिल, मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि अंगणात जाऊन उभा राहिलो. तू तेव्हा आठवीत होतास, क्लासला गेला होतास. तू परत येईपर्यंत मी फाटकापाशीच होतो. तू म्हणालास, "काय झालं अण्णा?" मी म्हणालो, काही नाही.

नासेरनी त्यांना सांगितलं की तुमचा मुलगा खडकासारखा उभा राहिला, आमचा हल्ला त्याच्यापाशी अडला. तो किती लहान होता हे त्यांना युद्धानंतर कळलं. दोघांच्याही मनात वैर नव्हतं. दोघं आपापल्या देशाचं काम करत होते. तीस वर्षं हा माणूस ते एकटाच बाळगून होता. न सांगता त्या बापाला निरोप दिला असता तर कुणाला कळलं असतं? पण त्याने सांगितलं, तेही आपल्याच घरात, आपल्याच पाहुण्याला, डोळ्यांत बघून.

आणि तो बाप ऐकून गप्प राहिला. मग झोपायला गेला. मुलाला ज्याने मारलं त्याच्या घरात, त्याच्या गादीवर, त्याने दिलेलं पांघरूण घेऊन. मी इथपर्यंत येतो आणि पुढे जाता येत नाही. ती रात्र कशी काढली असेल त्यांनी? मी असतो तर? मला वाटतं, मी ओरडलो असतो. मला वाटतं, मी त्याचा गळा धरला असता. आणि कधी वाटतं, मी त्याला विचारलं असतं: शेवटी कसा दिसत होता माझा मुलगा? कारण समोरून त्याला शेवटचं बघितलेलं दुसरं कुणी नव्हतं. शेवटचं बघितलेल्या माणसाला बाप कसा सोडेल?

दुसऱ्या दिवशी दोघांनी बरोबर फोटो काढले. नंतर नासेरनी फोटो दिल्लीला पाठवला, आणि त्यावर अरुणबद्दल आदराने लिहून पाठवलं. आपल्याकडे जिला बसंतरची लढाई म्हणतात तिला तिकडे बडा पिंडची लढाई म्हणतात. नासेरनी दोन्ही नावं लिहिली होती. आपलं आणि त्यांचं. मला ते फार मोठं वाटलं.

तुला सांगायचं होतं ते हे. त्या पोराच्या व्हिडिओवर तू हसलास, तेव्हा मला लाहोरचे ते नासेर आठवले. शत्रूला तू मारू नकोस असं मी म्हणत नाही, ते माझं काम नाही आणि तुझ्या अंगावर वर्दी आहे. समोरचा टँक पुढे येत असेल तर तुझा गोळा आधी सुटला पाहिजे, आणि माझ्या देवघरातल्या विशाल गणपतीला मी रोज तेच मागतो. तोंडाने वेगळं बोललो तरी मागतो तेच. पण पाडल्यावर हसू नकोस. नासेर हसले असते तर तीस वर्षांनी त्यांना त्या बापाला घरात घेता आलं नसतं. त्याच जरपालला दुसऱ्या दिवशी पाकिस्तानचा अक्रम राजा नावाचा लेफ्टनंट कर्नल आपल्या माणसांच्या पुढे चालत हल्ल्यावर आला आणि पडला. आपल्या ३ ग्रेनेडियर्स या पायदळ पलटणीचे प्रमुख एअरी यांनी त्याचा देह परत करताना तो कसा शौर्याने लढला ते लिहून दिलं. त्याच्या देशाने त्याला हिलाल-ए-जुर्रत हे शौर्यपदक दिलं. आपल्या माणसाने लिहिलं म्हणून शत्रूच्या पोरांना त्यांचा बाप कसा गेला ते कळलं. ही आपली फौज आहे. तुझी फौज. उमेशच्या मोबाईलमधली ती नव्हे.

बघ, मी पुन्हा भाषण द्यायला लागलो. तुझी आई मागून म्हणतेय, पोराला काय शिकवताय, त्याला चार वर्षं याच गोष्टी शिकवल्यात. माफ कर. बापाला दुसरं काही देता येत नाही, मग तो उपदेश देतो.

पण एक राहिलं, आणि ते मी त्या रात्री ओरडून बोललो, आता नीट बोलतो. तू म्हणालास मी उतरणार नाही. निखिल, अरुणच्या सेंच्युरियन टँकमध्ये चार माणसं असायची. ड्रायव्हर प्रयाग सिंग, गनर नथू सिंग, रेडिओवर नंद सिंग, आणि वर कमांडर. नंद सिंग तिथेच गेला. बाकीचे दोघं वाचले. गनर कमांडरच्या पायांशी बसतो, कमांडर हलल्याशिवाय त्याला वर यायला वाट नाही. मी कितीतरी वेळा त्या सीटवर बसून खालचे बोल्ट सैल केलेत, मला ती जागा अंगाला माहीत आहे. तुमच्या आताच्या टँकमध्ये तीन माणसं, म्हणजे तुझ्याबरोबर दोन घरांची दोन पोरं. त्यांच्या आया कुठेतरी बसून आत्ता हेच लिहीत असतील, किंवा लिहिता येत नाही म्हणून कुणाकडून लिहून घेत असतील. तू ठरवशील ते तिघांचं ठरेल. अरुणने ठरवलं तेव्हा त्याच्या मागे नदीपलीकडची सगळी फौज होती, तो हलला असता तर हल्ला आरपार गेला असता. त्याने मोजून ठरवलं. रागाने नाही ठरवलं. तुला राग लवकर येतो, म्हणून बोलतो.

तू नऊ वर्षांचा असताना पतंगावरून पिंकीशी भांडलास आणि माळ्यावर जाऊन कडी लावून घेतलीस. भाऊच्या ट्रंकेमागे लपलास. आम्ही हाका मारून दमलो. आई रडली, आजीने देवापुढे दिवा लावला, मी कडी तोडायला पहार घेऊन आलो. चार तासांनी तू आपणच खाली आलास, धुळीने माखलेला, आणि म्हणालास, "मला ऐकू येत होतं." तुला ऐकू येत होतं आणि तरी तू आला नाहीस. त्या दिवसापासून मला तुझी हीच भीती आहे. तू घाबरशील अशी भीती मला कधी वाटली नाही. तुला हाक ऐकू येईल आणि तू येणार नाहीस, ही आहे.

लिहायचं नव्हतं. लिहिलं गेलं.

तू पहिलीत असताना मी तुला टँक म्युझियममध्ये घेऊन गेलो होतो, सोलापूर रस्त्याला. तू पॅटनपाशी उभा राहून विचारलंस, "अण्णा, हा वाईट टँक आहे का?" मी म्हणालो, टँकला काय कळतं, बनवणाऱ्याने बनवला, चालवणाऱ्याने चालवला. मग तू त्याच्याभोवती दोन चकरा मारल्यास आणि विचारलंस, "मग आतले लोक बाहेर कुठून येतात?" इतर पोरं तोफ बघत होती. तू दार शोधत होतास. मी तुला खांद्यावर घेऊन वरची हॅच दाखवली. तेव्हाच मला वाटलं होतं की हा पोरगा यातच जाणार, आणि अभिमानाने छाती भरून आली, आणि पोटात गोळाही आला. दोन्ही एकाच वेळी. अजून तसंच आहे. शेजारी विचारतात, "साहेब कुठे आहेत सध्या?" मी म्हणतो, बॉर्डरला. म्हणताना मान ताठ होते. घरात येऊन दार लावलं की मान खाली जाते.

फामागुस्ता आपल्याच गावात आहे, आर्मर्ड कोअरच्या आवारात. शत्रूच्या हाती पडला होता, नंतर परत आला. नोकरीत असताना मी एकदा त्याच्या लोखंडावर हात ठेवला होता. उन्हाळ्याचे दिवस, चटका बसला. मी हात काढला नाही थोडा वेळ. का ते विचारू नकोस.

पुण्याच्या नावाची रेजिमेंट, १८१७ पासूनची, नाव आपलं आणि त्यात लढले राजस्थानचे सवार, मुंबईत जन्मलेले पारशी तारापोर, पुण्यात जन्मलेला पंजाबी खेत्रपाल. तुझी रेजिमेंट वेगळी, पण तुझ्याखालची माणसंही कुठली कुठली असतील. त्यांची भाषा शिक. त्यांच्या घरचं विचार. तुझ्या ड्रायव्हरची मुलगी कितवीत आहे ते तुला माहीत हवं. हाही उपदेशच झाला, पण हा मागे घेत नाही.

तुम्ही कुठे आहात ते तू सांगणार नाहीस आणि मी विचारणार नाही. नकाशा मात्र मी भिंतीवर लावलाय. आईला सांगितलंय की पिंकीच्या मुलाच्या अभ्यासाला लागतो.

पार्सलमध्ये शेंगदाण्याची चटणी आहे, दोन पिशव्या, एक तुझी आणि एक दोघांची. लिंबाचं लोणचं गळू नये म्हणून बरणीला मी वायसर घातलाय, झाकण उलटं फिरवून उघड. थंडीचा मफलर आत्याने विणलाय, रंग तुला आवडणार नाही, पण गळ्याला घाल. शेंगोळे पाठवता येत नाहीत. ते आल्यावर.

आणि तुझ्या बुलेटचं. तू गेल्यावर मी ती पडवीत घेतली, ताडपत्री घातली, बॅटरीची वायर काढून ठेवली. चेन सैल आहे. मागचे ब्रेक शू पार झिजलेत. माझ्या हाताने तासाभराचं काम. उमेश दोनदा म्हणाला, काका, मी गॅरेजला टाकून आणतो, दादा येईल तेव्हा तयार असू दे. मी त्याच्या अंगावर ओरडलो. बिचाऱ्याला कळलंच नाही का ते. आईलाही कळलं नाही. तुला कळेल.

मी गाडीला हात लावणार नाही. ब्रेक शू आणून खिडकीत ठेवलेत. तू ये, मग आपण दोघं बसवू.

तुझा,
अण्णा

आईने सांगितलंय, खाली लिहा: फोन चालू झाला की आधी मला कर, अण्णांना नंतर.